घळीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही

चि. सोन्या,

परवा फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला, हे मी अजून ठरवलेलं नाही. बाबांना सांगितलं, रेंज गेली. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुम्हा मायलेकांची रेंज नेमकी भांडणातच बरी जाते." म्हणजे भांडण झालं हे त्यांना कळलंय. कशावरून ते कळलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र. कागदावर निदान खोडता येतं. आधी दोन गोष्टी. "तू जन्मात आठ दिवस स्की केलंस, तुला काय कळतं," असं तू म्हणालास, ते चूक आहे. नऊ दिवस. ढगात बसून गेलेला दिवसही मोजायचा. त्या दिवशीही मी ते बूट घातले होते आणि नडग्या सोलवटून घेतल्या होत्या. आणि तुझे स्कीचे सर असते तर त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली असती, असं मी म्हणाले, ते माझं चुकलं. सरांनी कधी कोणावर हात उचलला नाही. ते फक्त गप्प व्हायचे. तेच जास्त लागायचं.

तू उतरायचं म्हणतोस त्या मागच्या घळीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तू २६ वर्षांचा आहेस, लोक आपली पोरं तुझ्या भरवशावर बर्फावर सोडतात, तुला मी काय सांगणार? सरांबद्दल लिहायचंय, तेवढंच. आपलं दोघांचं त्यांच्याबद्दल बोलणंच झालं नाही. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलेलं, घर माणसांनी भरलेलं. तू काकूंच्या पायाशी भिंतीला टेकून बसून राहिलास आणि दुसऱ्या दिवशी बॅच आहे म्हणून निघालास. जाताना चपला उलट्या पायांत घातल्यास. मी पाहिलं, बोलले नाही.

तुला त्यांच्याकडे पहिल्यांदा नेलं तेव्हा तू ९ वर्षांचा होतास. मामाचं झालं त्याच्या पुढचा हिवाळा. तू कोणाशी धड बोलत नव्हतास. डोंगरावर न्यायची कल्पना बाबांची, माझी नव्हे. माझा तर तेव्हा डोंगरांवरच राग होता. सरांनी बाकीच्या पोरांना नावं विचारली, तुला विचारलं नाही. खाली बसून तुझ्या बुटाच्या क्लिपा उघडल्या, पुन्हा लावल्या आणि म्हणाले, "आता नडगीनं जीभ पुढे ढकल." तू त्यांच्याकडे बघत सरळ तोंडातली जीभ बाहेर काढलीस. ते बुटाच्या जिभेबद्दल बोलत होते. क्षणभर त्यांना कळेना, मग त्यांनीही काढली. तुम्ही दोघं एकमेकांना जीभ दाखवत उभे, मागे अख्खी बॅच खोळंबलेली. त्या रात्री तू पहिलं वाक्य बोललास ते "सर म्हणतात" असं सुरू होणारं होतं. पुढची सतरा वर्षं तुझं प्रत्येक दुसरं वाक्य तसंच सुरू झालं.

खरं सांगू? मला ते खुपायचं. मी सांगितलं तर हातमोजे घालायचे नाहीत, सरांनी सांगितलं की झोपतानाही घालायचे! मी बाबांना म्हणायचेही, हा मुलगा आपला की त्यांचा. म्हणून तर तू १४ वर्षांचा असताना मी स्वतः त्यांच्याकडे नाव घातलं. शिकायची हौस कसली, हा माणूस माझ्या मुलाला असं काय देतो ते बघायचं होतं. तेव्हा तुला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर मला वजन विचारलं. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू किती आवळायचा ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस कितपत सराईत आहे यावर ठरतं, हे मला तेव्हा काय ठाऊक. मी सहा किलो खाली सांगितलं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगितला तोच आकडा लिहून घेतला. तासाभरात माझी उजवी स्की साध्या वळणावर तीनदा सुटली. तिसऱ्यांदा ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, गुडघ्यावर बसले, काही न बोलता दोन्ही बाइंडिंगं थोडी थोडी घट्ट केली आणि निघून गेले. दुपारी लिफ्टच्या रांगेत, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "बायका वजन कमी करून सांगतात आणि पुरुष स्वतःची अक्कल वाढवून सांगतात. बायकांच्या स्की लवकर सुटतात, त्या पडतात आणि उठतात. पुरुषांच्या सुटायला हव्यात तेव्हा सुटत नाहीत, मग गुडघा सुटतो."

तू तेव्हा हसून हसून बर्फात लोळला होतास. आता विचारते, तुझ्या बाइंडिंगांची तपासणी या वर्षी केलीस का? सर दर हंगामाआधी करायचे.

पडल्यावर ते हात द्यायचे नाहीत. हे मला फार क्रूर वाटलं होतं. मी ४६ वर्षांची बाई, उताराकडे डोकं, पाय वर, स्की एकमेकींत अडकलेल्या, आणि हा माणूस माझ्या खालच्या बाजूला काठ्यांवर रेलून शांत उभा. "आधी पाय उताराच्या खालच्या बाजूला आणा. आता दोन्ही स्की उताराला आडव्या. कडा बर्फात रुतवा. आता उठा." मी म्हटलं, अहो, जरा हात द्या की. तर म्हणाले, "मी खाली उभा आहे. घसरलात तर माझ्यावर याल. तेवढाच हात देतो मी." मला रडू आलं होतं, तेव्हा रागाने. त्या जागी उभं राहण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि ते झुकणं. नांगर जमला, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब फाकवून ब्रेक लावणं. डावीकडे जायचं तर उजव्या पायावर भार हेही डोक्यात शिरलं. पण उतार जरा तिखट झाला की मी मागे रेलायची. सगळेच रेलतात. भीती वाटली की माणूस डोंगराला पाठ टेकवायला बघतो. मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि मग त्या कोणाचं ऐकत नाहीत. म्हणून उलटं करायचं, दरीकडे छाती काढायची. सर ओरडायचे, "भीती जिकडे, छाती तिकडे!" मला हे इतकं आवडलं की परत आल्यावर वर्षभर मी ते ऑफिसात वापरलं.

पण सोन्या, ते वाक्य नांगर घालणाऱ्या बायकांसाठी होतं. शिकाऊ उतारावर, खाली जाळी लावलेली असताना. ते कुठेही लावायचं नसतं. घळीला तर नाहीच.

बघ, लिहिणार नव्हते. खोडत नाही आता, पान खराब होईल.

ढगाचा दिवस तुला आठवतो ना? लिफ्ट बंद, समोरच्या माणसाचा हात दिसेना, सगळे त्या लाकडी खोलीत कोंबलेले. सर पदकं जिंकणाऱ्यांच्या गोष्टी कधी सांगायचे नाहीत. त्यांना शिकवणाऱ्यांच्या गोष्टी माहीत. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतारावरच्या स्कीला पहिल्यांदा जागा मिळाली, पण शिक्षक म्हणजे पैसे घेणारे व्यावसायिक, त्यांना प्रवेश नाही, असं ठरलं. म्हणून ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे उतारावरचे स्कीपटू गेलेच नाहीत. हे सांगताना सरांचा चेहरा असा काही फुलायचा की जणू त्यांनाच तिथून परत पाठवलं होतं! "आम्ही फार चांगले आहोत म्हणून आम्हाला घेतलं नाही," असं ते म्हणायचे, आणि आयुष्यात एकही चषक नसलेला तो माणूस कोणत्याही विजेत्याइतका ऐटीत बसायचा.

आणि तो झ्दार्स्की. माथियास झ्दार्स्की, लिलिएनफेल्डचा. नॉर्वेजियन लोकांच्या लांब स्की आल्प्सच्या तिखट उतारांवर वळेनात म्हणून याने आखूड स्की आणि घट्ट बाइंडिंग केलं, हातात एकच काठी ठेवली आणि वळण्याची रीत बसवून १८९६ च्या सुमारास तिच्यावर पुस्तक काढलं. ज्याने लोकांना डोंगरावर वळायला शिकवलं त्याचं पुढे काय झालं, हे सर थांबून सांगायचे. १९१६ साली, महायुद्धात, बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांच्या मदतीला गेला आणि तिथेच दुसरा ॲव्हलांच, म्हणजे सुटलेल्या बर्फाचा लोंढा, त्याच्या अंगावर आला. सुमारे ऐंशी ठिकाणी हाडं मोडली, सांधे निखळले. जगला मात्र, १९४० पर्यंत. एका पोराने विचारलं होतं, "त्याला वळता येत होतं ना, मग?" सर म्हणाले, "बर्फाला माहीत नव्हतं तो कोण आहे."

ते पोर तूच होतास की काय? माझ्या आठवणीत तूच आहेस, पण तू नाही म्हणशील.

काल रात्री झोप लागेना, म्हणून तुझ्या जुन्या वह्या काढल्या. कोर्सच्या. अक्षर तेव्हाही घाणच. पण एका पानावर तू सरांचे ठोके काढून ठेवले आहेस, मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १०. त्याच्याखाली १२ आकड्याभोवती रागाने इतकं गोल गोल गिरवलंय की कागद फाटलाय. तो दिवस मला पाठ आहे. तू १६ वर्षांचा होतास. तीन दिवस वादळ होऊन चौथ्या दिवशी लख्ख ऊन, आकाश निळंशार, तुम्ही सगळे मोठ्या बॅचची पोरं चेकाळलेली. सरांनी फाटकापाशी एकेकाला पुढून जायला लावलं, प्रत्येकाच्या बीकनचा, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राचा, बीप ऐकला, आणि वर गेल्यावर उतारावर पाय टाकायच्या आधी खड्डा खणला. बर्फाचा हातभर चौकोनी खांब मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि थर किती ठोक्यांत सुटतो ते बघायला ठोके मारायला लागले. मनगटाचे दहा झाले, काही नाही. कोपरातून दुसराच ठोका, आणि वरचा सगळा थर कापल्यासारखा सरळ घसरून त्यांच्या मांडीवर आला. मग त्यांनी खालचा बर्फ मूठभर काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवला. खडीसाखरेसारखे सुटे दाणे, एकमेकांना धरत नाहीत. वाऱ्याने वर जाड पापुद्रा बसवलेला, आणि त्याच्याखाली हे. "चला परत," एवढंच म्हणाले.

तू काठ्या फेकल्यास. संध्याकाळी माझ्या बॅगेवर ठोके मारून मारून मला तो सगळा अन्याय समजावलास. आणि दुसऱ्या दिवशी बातमी घेऊन आलास की दुसऱ्या कोणीतरी तो उतार केला आणि त्यांना काहीही झालं नाही. बर्फ सुटला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तू जेवढा खूश झालास तेवढा तुला परीक्षेतही कधी पाहिलेला नाही. "सर खोटे पडले," असं त्यांच्या तोंडावर जाऊन म्हणालास. मी मरणाची ओशाळले. ते म्हणाले, "पडलो खरा. रोज पडीन."

त्या उत्तरावर तू दोन दिवस धुमसत होतास. आणि मला, नऊ दिवसांच्या विद्यार्थिनीला, पहिल्यांदा वाटलं की हा मुलगा यांच्याकडे असायला हरकत नाही. तुझ्यासमोर रोज खोटं पडायची तयारी माझी तेव्हा नव्हती.

आता बोलतेच, कारण सगळं तिकडेच चाललंय. तू म्हणालास, २७ तारखेला, सरांच्या वाढदिवशी, पहाटे घळीतून उतरणार. एकटा. सर जायचे तसा. पण २७ तारीख म्हणजे ऐन थंडी, नुकती दोन वादळं होऊन गेली आहेत, तूच सांगितलंस वारा कसा होता ते. वारा उतारावरचा बर्फ उचलून आडोशाला नेऊन रचतो आणि घळ म्हणजे आडोसाच. तूच मला शिकवलंस की ॲव्हलांच बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. घळ किती अंशांची आहे ते मला सांगू नकोस. घळीत बाजूला पळायला जागा नसते, वरचं सगळं एका अरुंद जागी येऊन साठतं आणि माणूस खोल गाडला जातो. जीव गेलेल्या दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत तो बर्फ त्यांनी स्वतः नाहीतर त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा असते. दहांत नऊ म्हणतात. अर्धा तास उलटला की तीनावर येते. बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, आपलं आपल्याला बोटही हलवता येत नाही. आणि बीकन! तू म्हणालास, "बीकन असेल ना गळ्यात." अरे, ते ४५७ किलोहर्ट्‌झवर ओरडणार कोणासाठी? ऐकायला दुसरं बीकन नको का? एकट्याच्या गळ्यातलं बीकन म्हणजे...

राहू दे. वाक्य पुरं करत नाही.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. तू हे दर आठवड्याला पोरांना शिकवतोस. मी रात्री अडीच वाजता वाचून तुलाच शिकवतेय. माफ कर. तुझे बाबा म्हणतात तसं, मला एकदा विषय सापडला की मी माणसाला भिंतीपर्यंत मागे रेटते. पण मामाच्या वेळी दारात उभी कोण होती, ते तुला माहीत आहे. तू लहान होतास, तुला आतल्या खोलीत ठेवलं होतं. मी होते दारात. बस, इथेच थांबते.

मला वाटतं, तू पोचला नाहीस ते तुला खातंय. लिफ्टवरून उतरून, बॅच दुसऱ्याच्या हवाली करून, रात्रभर प्रवास करून आलास आणि तरी काही तासांनी चुकलास. म्हणून आता कुठेतरी पोचायचंच आहे तुला. बरोबर ओळखलं का? नसेल तर सोडून दे. मी हल्ली फार ओळखायला जाते.

तू नव्हतास तेव्हाचं एक सांगते. सर जायच्या पंधरा दिवस आधी मी भेटून आले होते, ते तुला म्हटलं होतं. काय पाहिलं ते म्हटलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. डोळे मिटलेले, चेहरा इवलासा झालेला, हात अंगावर पडलेले. मी आणि काकू हळू आवाजात काहीबाही बोलत होतो. मला पायाकडे पांघरूण हलताना दिसलं. आधी वाटलं, थंडी वाजतेय. मग कळलं. दोन्ही पाय जुळवलेले, घोटे एकदम एका बाजूला कलंडायचे, थांबायचे, मग दुसऱ्या बाजूला. एका लयीत. डावं, उजवं, डावं. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "दिवसभर चालू असतं. कुठल्या उतारावर आहेत देव जाणे." आणि पांघरूण पायांवरून थोडं सैल केलं त्यांनी, जागा व्हावी म्हणून.

म्हणून म्हणते, त्यांना शेवटपर्यंत उतार मिळाला. तू त्यांच्या वतीने काही पुरं करायचं राहिलेलं नाही.

आणि अभिमान नाही असं समजू नकोस. मागच्या वर्षी मी न सांगता येऊन जाळीपलीकडून तुझी बॅच पाहिली होती. पिवळ्या हेल्मेटवाली एक चिमुरडी पडली, हात वर करून तुझ्याकडे बघत रडत होती. तू गेलास, तिच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिलास आणि काठ्यांवर रेललास. हात दिला नाहीस. मी तिथे उभी राहून इतकी रडले की शेजारच्या बाईला वाटलं ती माझीच नात आहे.

आता महत्त्वाचं. हे मला काकूंनी मागच्या आठवड्यात सांगितलं आणि हे तुला फोनवर सांगायच्या आतच आपली रेंज गेली. सर घळीत एकटे जायचे नाहीत.

तुम्हा सगळ्या पोरांना वाटायचं की ते वर्षातून एकदा, कोणाला न सांगता, पहाटे एकटे जाऊन ती घळ उतरून येतात. त्यांनी तुम्हाला तसं वाटू दिलं, हे मात्र खरं. काकू समोरच्या धारेवर असायच्या, दुर्बीण घेऊन. ३१ वर्षं. घळीच्या माथ्यावर वाऱ्याने बर्फाचा जो सज्जा पुढे येतो तो वर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, समोरून दिसतो. तो किती लोंबतोय, त्याला चीर आहे का, ते काकू पाहायच्या. वॉकी-टॉकी यायच्या आधी त्यांच्याकडे लाल ओढणी असायची. ओढणी वर केली की उतरायचं नाही, वाद नाही. आणि खाली घळीच्या तोंडाशी, बाजूला खडकाच्या आड, काकूंचा भाऊ बीकन आणि फावडं घेऊन. काकू म्हणाल्या, दोनदा ओढणी वर केली. दोन्ही वर्षी सर आल्या वाटेने चालत खाली आले आणि तुम्हाला कोणाला पत्ता लागला नाही. मी विचारलं, मग मुलांना सांगितलं का नाही कधी? तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "बायकोला विचारून उतरतो म्हणतील, म्हणायचे."

आणि ते २७ तारखेच्या आसपास कधीच गेले नाहीत. हंगाम संपता संपता जायचे. रात्र निरभ्र हवी, बर्फ रात्री कडक गोठलेला हवा, आणि ऊन घळीत शिरून तो मऊ करायच्या आत खाली. म्हणून पहाट. तुला पहाट आठवली, महिना विसरलास.

रागावू नकोस. तुझ्या मनातले सर मोडायचे नाहीयेत मला. मला तर दुर्बिणीतून पाहणारी ती बाई कळल्यावर ते जास्तच आवडायला लागले.

तर असं कर. घळ कर. हो, करच. पण त्यांच्या वेळेला. खाली तुझ्या त्या उंच मित्राला बसव, ज्याने बाबांची छत्री हरवली. तो सावध आहे, छत्र्या सोडल्या तर. आणि धारेवर मी येते. धारेपर्यंतची वाट चालत जाता येते, काकूंनी सगळी सांगितली आहे, दोन तास लागतात, मला तीन लागतील. गुडघा ठीक आहे. ताई सांगते तेवढा वाईट नाही. दुर्बीण काकूंनी मला दिली. मी ठेवून काय करू, म्हणाल्या. आजीच्या कपाटात ठेवली आहे. उजवीकडचं फिरवायचं चाक जरा अडकतं, मी रोज संध्याकाळी गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर सराव करते. कालपर्यंत टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येत नव्हत्या. आज १९ मोजल्या.

ओढणी मात्र नवी घ्यावी लागेल, जुनी काकूंनी त्यांच्याजवळ ठेवली.

तुझी,
आई

ता. क. : २७ तारखेला सकाळी तुझी छोट्यांची बॅच असेलच. दुपारी सुट्टी झाली की फोन कर. मी बोलणार नाही फार. बाबांना यातलं काय आणि किती सांगायचं ते तेव्हा ठरवू.